काकूचं रेकॉर्डिंग

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून मीच बसवला होता. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून वस्तीत मोठा इंजिनिअर! त्या सर्व्हरवर आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी साठवत होतो. बापाच्या खांद्यावर बसून छप्पन साली बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला गेलेली आमची शेजारीण काकू त्यात चाळीस मिनिटं बोलली होती. पुढे चार महिन्यांत, ऑक्टोबरात, ती गेली.

तिचे यजमान, आमचे काका, कोराडीच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. काकू गेल्यावर ते रोज दुपारी वाचनालयात यायचे, हेडफोन लावून तिला ऐकायचे. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. "या रविवारी कॉपी काढून देतो, काका," असं मी दर आठवड्याला म्हणायचो आणि रविवार आला की ताणून द्यायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी खोली भट्टीसारखी तापली होती. ऐकायला बसण्याआधी काकांनी टेबलाखालचा एक प्लग उपसला आणि तिथे कूलरचा लावला. आमच्याकडे मे महिन्यात कूलरपुढे कोणाचंच चालत नाही. उपसलेला प्लग चालू सर्व्हरचा होता.

सर्व्हर बंद पडल्याचं कळलं, म्हणून मी रविवारी सकाळी गेलो. सर्व्हर सुरू होईना. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची एक यादी असते, ती अर्धवट तुटली होती. असं होतं, दुरुस्तही होतं. त्यासाठी एक प्रोग्राम असतो. तो प्रत्येक गोंधळापाशी विचारतो, हे जोडू का, हे पुसू का. नियम एकच आहे: आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढायची आणि दुरुस्ती त्या नकलेवर करायची. ऑफिसात हा नियम कोणी मोडला तर मी त्याची चामडी सोलतो. पण त्या दिवशी दुसरी डिस्क घरी राहिली होती, नकलेला तीन-चार तास लागले असते आणि डोकं तापलं होतं. म्हटलं, आपलंच तर वाचनालय आहे, कोण विचारते? मूळ डिस्कवरच प्रोग्राम चालवला आणि सगळ्या प्रश्नांना एकदमच 'हो' सांगून टाकलं. काय शहाणपणा सुचला होता, देव जाणे.

प्रोग्रामनं पुसायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ सरकत होती आणि मी चहा पीत होतो. सर्व्हर सुरू झाला, मोकळ्या समजलेल्या जागेत नवं काहीबाही लिहूही लागला, म्हणजे तिथलं जुनं कायमचं गेलं. काकूची फाइल मात्र नव्हती. सापडलेले तुकडे प्रोग्राम नुसते आकडे लावून एका बाजूला टाकतो. ते सगळे मी एकेक करून ऐकले. एका तुकड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज होता आणि माझा: "काकू, माइकजवळ बोला." बस्स, एवढंच.

दुपारी काका आले. मी म्हटलं, "काका, काकूचं रेकॉर्डिंग गेलं."

ते मटकन खाली बसले. "मीच तो प्लग उपसला गा," ते म्हणाले. "माह्याच हातानं गेली ते."

तोंडापर्यंत आलं होतं, की नाही काका, प्लग उपसला तरी रेकॉर्डिंग डिस्कवर होतंच, ते मी पुसलं. पण म्हणालो काय, तर "जाऊ द्या, काका." जसं काही मीच त्यांना माफ करत होतो! त्या शब्दांची आजही लाज वाटते.

काकांनी वाचनालयात येणं सोडलं. गल्लीत दिसले की मी गाडी दुसरीकडून काढायचो.

काकूच्या पहिल्या स्मृतिदिनाला मात्र जावंच लागलं. वंदना झाली, खीर झाली, लोक पांगले. काका फोटोपुढची मेणबत्ती सरळ करत होते. मला राहवेना.

"काका, प्लगनं रेकॉर्डिंग गेलं नव्हतं. दुरुस्त करताना मी घालवलं. माझीच घाई."

ते फोटोकडे वळले. वाटलं, शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

"काहून नाही सांगितलं गा तू मले?" ते म्हणाले. "मी रोज तिची माफी मागून राहिलो."