सपाट एक चमचा

बायजाबाई माझ्याकडे पेणला सव्वीस वर्षं स्वयंपाकाला येते आणि तिने आजवर एकही जिन्नस मोजून घातलेला नाही. मूठ, चिमूट, ओंजळ, नाहीतर "दिसंल तितकं." तिची आमटी कधी बिघडली नाही. माझी पुस्तकात बघून केलेली हमखास बिघडते. असो.

तिचा नवरा जगन जन्मभर वडखळकडच्या मिठागरावर राबला. पायांवर सूज आली, मूत्रपिंडं थकली आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, दिवसाला मीठ पाच ग्रॅम, वर कणही नाही. कागद घेऊन ती माझ्यापुढे उभी. "बाई, पाच ग्राम म्हंजे किती चिमटी?"

मी पडले शाळेतली बाई. रिटायर झाले तरी खोड जाते होय? मोबाइलवर बघितलं, मिसळणाच्या डब्यातला लहान चमचा काढला, माझ्या पुडीतल्या मिठाने भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला. "हा एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम. दिवसभराचं एवढंच." चमचाच देऊन टाकला तिला.

तिने तो नेम उपासासारखा पाळला. जगनची भाजी वेगळी, आमटी वेगळी. तो ताट सरकवायचा, शिव्या द्यायचा, पुढेपुढे तर हात जोडायचा, "बायजे, येक चिमूट टाक गो." ती नाय म्हणायची आणि सकाळी माझ्या ओट्याशी येऊन रडायची. वर मीच दम भरायचे, "हात सैल सोडलास तर बघ!" चौदा महिने असे काढले दोघांनी. शिमग्याच्या तोंडावर जगन गेला.

महिन्याभराने ती कामावर आली. लोणच्यासाठी दरवर्षी आणते तशी घरच्या मिठाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि खाली बिरड्याचे वाल सोलायला बसली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाल अगदी नाकाशी धरून.

ओट्यावर माझ्या नातीचा, तनयाचा, वजनकाटा होता. ती केक करते आणि तिला वाटी, कप काही चालत नाही. "आजी, एकाच कपात मैदा चाळून भरला तर हलका, दाबून भरला तर जड," असं मला ऐकवते. मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"बाई," बायजाबाईने कनवटीचा चमचा काढून वर धरला, "काटा हाय तर येकदा तोलून बगा ना. माझा जीव खातोय. बराबर दिलं ना मी त्याला?"

"मीठ कुठलं घालायचीस?"

"हेच की, मिठागराचं. पुडीचं कोन घेतो आमच्यात?"

मी काटा पुढे ओढला. पिशवीतले जाडे खडे चमच्यात भरले, सपाट केले. खड्याखड्यांत फटी. काटा म्हणाला, साडेतीन. झटकून पुन्हा भरला. साडेतीनच. म्हणजे तो हात जोडून मागत होता ती चिमूट त्याच्या हक्काची होती, रोज, चौदा महिने. जळलं माझं शहाणपण! ग्रॅम बघितले, पण मीठ कुठलं हे विचारायला तोंड उघडलं नाही.

"किती भरलं?"

मी तिच्याकडे बघितलं. महिन्याभरात निम्मी झाली होती.

"पाच," मी म्हटलं.

"नक्की ना बाई?"

"नक्की. अगदी बरोबर दिलंस."

तिने पदराने डोळे पुसले आणि वाल पुन्हा हातात घेतले. "बरं झालं तोललंत. शेवटच्या दिवशीपन मला बोलला, बायजे, तू कमी घालतंस. मी म्हनलं, गप रव, खोटारड्या. जीभच गेली हुती बाई त्याची."

"हो," मी म्हटलं.