कॅप्टनला कुठे दुखतं

उत्तरेत, हिंदी मुलखातल्या दाना ओली नावाच्या गल्लीत मंदाताईंचं साडीला फॉल-पिको करून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे बसून त्या मशीन चालवतात आणि तोंडही चालवतात, आणि दोन्हींत तोंडाचा वेग जास्त. घरातल्या बाकीच्यांचंही तेच. यजमान मुकुंदराव वीज खात्यातून निवृत्त झालेले; पेपर वाचतात तोसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असा. मुलगा समरजीत एकदा सुरू झाला की त्याला जेवायला वाढूनच गप्प करावं लागतं. अशा घरात गरिमा जन्माला आली आणि गप्प राहिली.

गप्प म्हणजे मुखदुर्बळ नव्हे. दुसऱ्याचं काही असलं की ती नीट बोलायची. शेजारच्या अपर्णाला शाळेत विनाकारण शिक्षा झाली, तेव्हा मोठ्या बाईंसमोर उभं राहून हिनेच सगळं समजावून सांगितलं होतं. पण स्वतःला काही झालं की तोंडाला कुलूप. आठवीत असताना मैदानावर पडली आणि मग दोन दिवस डाव्या हाताने जेवत होती. मंदाताईंनी दरडावून विचारलं, तर म्हणाली, "कुछ नहीं, आई." डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, खांद्याजवळचं हाड मोडलंय. मंदाताई दवाखान्याच्या बाकावर बसून रडल्या. हाडाचं दुःख होतंच, पण पोरीने आपल्याला सांगितलं नाही याचं जास्त होतं.

कॉलेजात असताना शहरातल्याच मुरारच्या मैदानावर रग्बी शिकवणाऱ्या नीलम मॅडमनी तिला धावताना पाहिलं आणि तिच्या हातात तो लांबोळका चेंडू दिला. मंदाताईंनी पहिला सामना पाहिला तो समरजीतच्या मोबाइलवर. पोरी एकमेकींना कवटाळून जमिनीवर लोळवत होत्या.

"हा खेळ आहे की भाऊबंदकी?" त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांच्या उत्साहाला मात्र ऊत आला. आपले पूर्वज घोड्यावर बसून दख्खनेतून इथवर लढत आले, ते रक्त आता पोरीत उतरलंय, असं ते भाजीवाल्यालासुद्धा सांगू लागले. स्वतः मुकुंदराव स्कूटरवरही जपून बसतात, ही गोष्ट वेगळी.

गरिमा आधी राज्याकडून खेळली, मग देशाकडून. कधी भुवनेश्वरला कॅम्प, कधी कोलकात्याला, कधी परदेशात सामने. मंदाताईंना ती पडण्याची भीती नव्हती. लागेल आणि ही सांगणार नाही, याची होती. रोजच्या फोनवर त्या आधी तेच विचारायच्या आणि रोज तेच उत्तर यायचं.

मग एके दिवशी ती भारताची कॅप्टन झाली. ओलीत पेढे वाटले गेले. नीलम मॅडम घरी आल्या, तेव्हा मंदाताईंनी विचारलंच, "इतनी चुप लड़की को कप्तान क्यों बनाया?"

"रग्बी में रेफरी से सिर्फ़ कप्तान बात कर सकती है, आंटी," नीलम मॅडम म्हणाल्या. "बाकी कोई मुँह नहीं खोल सकता. गरिमा ना चिल्लाती है, ना झूठ बोलती है, ना अपने लिए कुछ माँगती है. रेफरी इसकी बात मानते हैं."

मुकुंदरावांची छाती फुगली. मंदाताई मात्र पोह्यांची बशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आपण जिच्यापायी देव पाण्यात घातले, त्या खोडीचंच या लोकांनी कौतुक केलं होतं. आता ही कशाला सांगतेय?

गेल्या वर्षी बँकॉकला सामने होते. उपांत्य सामना घरातले तिघे मोबाइलवर बघत होते. आपल्या पोरी पुढे होत्या. एवढ्यात समोरच्या धिप्पाड मुलीला अडवताना गरिमाचं डोकं तिच्या गुडघ्यावर आपटलं. गरिमा उठली आणि पुन्हा धावायला लागली.

"काही नाही झालं," मुकुंदराव म्हणाले.

"झालंय," मंदाताई म्हणाल्या. "बघा ना, कशी चालतेय."

थोड्या वेळाने शिट्टी वाजली. रेफरी बाई गरिमाजवळ आल्या, काहीतरी बोलल्या. गरिमाने आपल्या संघातल्या एकेका मुलीकडे पाहिलं. मग रेफरीला काहीतरी सांगितलं. डॉक्टर धावत आत आले आणि कॅप्टन त्यांचा हात धरून मैदानाबाहेर गेली. ती गेल्यावर सामनाही गेला.

"थोडाच वेळ उरला होता. उभं तर राहायचं होतं," असं मुकुंदराव दिवसभर पुटपुटत राहिले.

शेवटी मंदाताई कडाडल्या, "तुम्हाला नुसती कणकण आली तरी अख्ख्या ओलीला कळतं! त्या पोरीने जन्मात एकदा काही सांगितलं असेल, तर मी तिची पायधूळ घेईन. आता गप्प बसा."

आणि मुकुंदराव खरंच गप्प बसले.

आठवड्याने गरिमा घरी आली. डॉक्टरांनी खेळ काही महिने बंद केला होता, पुढचं पुढे. दुपारी ती आईच्या मशीनजवळ जमिनीवर येऊन बसली. मुकुंदराव दारात घुटमळत होते. राहवलं नाही.

"बेटा, काय विचारलं होतं रेफरीने?"

"कॅप्टन, तुमच्यात कुणाला लागलंय का, असं विचारलं होतं." गरिमा खाली बघत होती. "मला सगळ्या दोन-दोन दिसत होत्या, बाबा. गप्प राहणार होते. पण रेफरीशी मी आजतक झूठ नाही बोलले. म्हणून सांगून दिलं, मलाच लागलंय. बाद में रोना आ गया. मॅच गेली ना माझ्यामुळे."

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. मग जवळ येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी हळूच, आणि आत निघून गेले.

मंदाताईंनी मशीन थांबवली. विचारायचं खूप होतं. पण त्यांनी, देव जाणे कशा, जीभ आवरली.

"आई," मग गरिमाच म्हणाली, "पहले भी हुआ है. सांगितलं नाही तुला."

"कुठे?"

"कोलकात्याला. बरगडीत."

मंदाताईंनी तिच्या कुशीवर तळवा ठेवला. हाड कधीच जुळलं होतं, तरी त्या हळूहळू चोळत राहिल्या.

"अजून?"

"भुवनेश्वरला. गुडघा."

त्यांनी गुडघा चोळला. मग मनगट, मग पाठ. पोर सांगत गेली आणि हात फिरत गेला. बाहेर गिऱ्हाईक हाक मारून परत गेलं, तरी कुणी उठलं नाही.

"आणि आता? डोकं दुखतंय का गं अजून?"

गरिमाने मान आईच्या मांडीवर टेकवली.

"दुखतंय, आई."

"इथे?"

"नाही. थोडं वर."