दिरांनी लावलेला पिवळा वेल

गवतावर उपाय म्हणून तो वेल आमच्या धाकट्या दिरांनी आणला. ते विरारला पाचव्या मजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांना बागेतलं सगळं कळतं. रविवारी सांडोरला आमच्या वाडीत यायचं, चहा प्यायचा, मोबाइलवर काहीबाही दाखवायचं आणि आम्हाला शहाणं करून जायचं. "वहिनी, हा एकदा पसरला की गवत म्हणून उगवणार नाही." नर्सरीवाल्याने नाव वेडेलिया सांगितलं होतं. चकचकीत पानं, पिवळीधमक फुलं. सासूबाईंच्या मोगऱ्याच्या वाफ्यात त्यांनी तो स्वतःच्या हाताने लावला, फोटो काढला आणि जेवायला बसले.

गवत खरंच उगवलं नाही. दुसरंही काही उगवलं नाही. पावसाळा सरेपर्यंत त्या वेलाने निम्मा मोगरा गिळला. हा वाफा सासूबाईंनी लग्न होऊन आल्या तेव्हा केलेला. आता त्यांना धड दिसत नाही, पण मोगऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावर बसून त्या कळ्या चाचपत गजरा करायच्या. तेवढं एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं. ते मी जाऊ देणार नव्हते.

मी कंबर कसली. उपटून उपटून हात सोलून निघाले. पुढची हुशारी आमच्या यजमानांची. वाडीत उपटलेलं गवत कुणी फेकत नाही, केळीच्या आळ्यात घालतात, तिथेच कुजून त्याचं खत होतं. हे मात्र जाळा, असं मी त्यांना शंभरदा बजावलं. "एवढा हिरवा पाला जाळायचा?" म्हणत त्यांनी माझी सगळी मेहनत एकेका केळीला प्रेमाने वाटून टाकली. त्या मेल्या वेलाला पेरापेराला मुळं फुटतात. बघता बघता केळीही वेढल्या गेल्या. दोघे भाऊ एकाच माळेचे मणी.

उन्हाळा लागला तेव्हा मोगऱ्याची दोन झाडं उरली होती, आणि त्यांनाही कळी नव्हती. सासूबाई रोज विचारायच्या, मी "अजून नाही" म्हणून वेळ मारून न्यायची. अशातच एका रविवारी दीर आले. "काय मस्त गार्डन झालंय, वहिनी!" भांडावं इतकीही त्यांची लायकी मला वाटेना.

ओट्यावरून सासूबाईंची हाक आली, "मोगरा फुलला काय गो? कळ्या आन, गजरा करते."

मी तोंड उघडायच्या आत दिरांनी ओंजळभर पिवळी फुलं तोडून आईच्या पदरात टाकली. "घे आई, तुझ्याच वाफ्यातली."

सासूबाईंनी एक फूल चाचपलं, नाकाशी नेलं. मग दुसरं. मग पदर झटकला.

"माझा मोगरा कुठाय रे?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा की, भावोजी," मी म्हटलं.