हवा बंद करायची न्हाई

बोअरला पाणी लागलं आणि मी यंत्र बंद केलं. याहून मोठा मूर्खपणा जगात झाला असेल, पण झरीच्या शिवारात तरी तोवर झाला नव्हता.

झालं असं, की आमच्या राजेश्रीबाई पूजेचं ताट घेऊन बोअरजवळ उभ्या होत्या. भोकातून राखाडी चिखलाचं कारंजं उडत होतं आणि दर वेळी निरांजन विझत होतं. चौथ्यांदा विझलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूससुद्धा बायकोच्या त्या नजरेपुढं विचार करत बसत नाही. मी कॉम्प्रेसरच्या गाडीपाशी गेलो आणि लाल बटण दाबलं.

सगळं शांत झालं. निरांजन लागलं. पलीकडच्या तुरीतली पाखरं ऐकू आली, आणि पाठोपाठ सिद्धोधन.

"कोनं दाबलं?"

सिद्धोधन हा बोअरच्या गाडीचा ऑपरेटर. पालमकडचा, वय शेहेचाळीस. तमिळनाडूच्या गाड्यांवर पाईप उचलता उचलता काम शिकला. त्याच्या कामाचा कायदा एका ओळीचा: पाईप जमिनीत हायेत तवर हवा बंद करायची न्हाई. हवेच्या जोरानं दगडाचा चुरा वर येतो. हवा थांबली की तोच चुरा खाली बसतो आणि तळाच्या हॅमरला, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाला, सिमेंटासारखा आवळून धरतो. मग पाईप वरही येत नाही, खालीही जात नाही.

या कायद्यापायी त्यानं कुणाची भीड ठेवलेली नाही. एका पुढाऱ्याला बोअरवर भाषण करायचं होतं. यंत्र थांबवा म्हणाले. "तुमी जोरात बोला," सिद्धोधननं सांगितलं. स्वतःच्या लग्नातही भंतेजींचे दोन चहा झाले, मंडळी घड्याळं बघू लागली, तरी नवरदेव बोअरवरच. आठ पाईप खाली होते. ते वर आले तेव्हा नवरदेव आला, तोही चिखलानं माखलेला. त्याची आई, मालनबाई, म्हणतात, "पोटात असल्यापासून आडवाच हाय."

अठरा वर्षांत या माणसानं एकही पाईप जमिनीत सोडला नव्हता. आणि आता माझ्या शेतात त्याचे पंधरा पाईप, म्हणजे तीनशे फूट लोखंड, अडकून बसले होते.

त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला. हवा खाली गेली, वर काही आली नाही. लीव्हर हलवला, पाईप हलेना. एवढ्यात मालकाचा, सूर्यभानशेठचा फोन आला. हात मोकळे नव्हते, म्हणून सिद्धोधननं स्पीकर लावला.

"सोनपेठचं गिऱ्हाईक सकाळपासून थांबलंय. पुरी ताकद लावून ओढ. निघंल, न्हाईतर तुटंल."

"तुटल्यावर गुरुजीचं बोअर गेलं की."

"बटन गुरुजीनंच दाबलं न्हवं?"

"दाबलं. म्हनून बोअर वाया घालवायचं का?"

"ओढ म्हनलं की ओढायचं. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

सिद्धोधननं फोन खिशात टाकला. बंदही केला नाही. बराच वेळ शेठ त्याच्या खिशातून बोलत होते.

गाव जमलं. आपल्याकडं अडकलेल्या वस्तूभोवती जेवढी अक्कल गोळा होते, तेवढी चालत्या वस्तूभोवती कधी होत नाही. किराणा दुकानवाले वीरभद्रअप्पा म्हणाले, "ट्रॅक्टर लावा, साखळी बांधा, हिसका द्या."

"अप्पा, तुमच्या दुकानात येऊन मी तराजू धरतो का?"

अप्पा दोन पावलं मागं सरले.

"गुरुजी, तुमी पानी आना," सिद्धोधननं मला फर्मावलं. "आन घरातला कपडे धुवायची पावडर, हाय तेवढी."

शेजारच्या विहिरीवरून मी बादल्या वाहिल्या. चाळीसपर्यंत मोजल्या, पुढं कंबर मोजायला लागली. ते साबणपाणी तो पाईपाच्या कडेनं सोडायचा, हवेचा दाब वाढवायचा, उतरवायचा. पाईप दोन बोटं वर घ्यायचा, दोन बोटं खाली सोडायचा, किंचित फिरवून बघायचा. ओढायचा मात्र नाही. राजेश्रीबाईंनी भाकरी आणली. ती त्यानं डाव्या हातानं खाल्ली, उजवा लीव्हरवरच होता. अकरा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत हेच चाललं. मी एकदा म्हणालो, "सोडून दे रे, माझीच चूक आहे." त्यानं रिकामी बादली माझ्याकडं सरकवली.

चारच्या पुढं भोकात गुरगुर झाली. सिद्धोधननं मान वाकडी करून कान दिला. फेस आला, फेसामागं चिखल आला, आणि तो इतक्या जोरात आला की अप्पांचं धोतर ओळखू येईना. पाईप फिरला.

मग त्यानं पंधराच्या पंधरा पाईप एकेक करून वर घेतले. घाई केली नाही. शेवटी हॅमर बाहेर आला, तेव्हा कुठं हवा बंद केली.

तो गाडीच्या पायरीवर बसून चिंधीनं हॅमर पुसत होता. मी शेजारी जाऊन बसलो. खिशातला फोन एव्हाना गप्प झाला होता.

"सिद्धोधन, शेठनं उद्या खरंच कामावरून काढलं तर रे?"

"काढू द्या की, मंग गाडी त्यालाच चालवावी लागंल."