ब्युरेटपुढचा अंतरपाट

पुंडलिकराव आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा परिचर. नाचणगाव परिसरातील लग्नांत अंतरपाट धरण्याचा मान तीस वर्षे त्यांचाच. नेमक्या कोणत्या अक्षराला पडदा सोडायचा, हे त्यांच्या हातांना कळते. या कौशल्याचा रसायनशास्त्राशी संबंध आहे, असा त्यांचा समज होता. तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न, विषयशिक्षक या नात्याने, मी एकट्याने केला.

मी फळ्यावर अनुमापनाचे सूत्र लिहीत असे आणि माझी पाठ फिरताच ते गोष्ट सुरू करीत. शंकूपात्रातले आम्ल म्हणजे नवरदेव, सूचकाचे दोन थेंब म्हणजे करवल्या, ब्युरेटमधून थेंबाथेंबाने येणारे सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे नवरी. पात्र फिके गुलाबी झाले, की नवरी लाजली. तोटी तिथेच बंद.

मी तीन लेखी तक्रारी केल्या. अखेर प्राचार्यांनी निर्णय दिला: बाह्य परीक्षकांनी नापसंती दर्शविल्यास पुंडलिकरावांची रवानगी सायकल स्टँडवर.

परीक्षेत भावना नावाची विद्यार्थिनी तोटीवर हात ठेवून मध्येच थांबली.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारले.

"सर, शेवटचं मंगलाष्टक राह्यलं."

"मग म्हन ना पोरी," बेसिनपाशी पात्रे विसळणारे पुंडलिकराव म्हणाले, "साहेब का परके हायेत?"

तिने सूर लावला. उरलेल्या पंधरा जणांनी तो उचलला. "सावधान" होताच सोळा शेवटचे थेंब पडले, सोळा तोट्या बंद झाल्या. सोळाही पात्रे फिकी गुलाबी. सोळाही वाचने ९.८.

परीक्षकांना कॉपीचा संशय आला. मला प्रथमच न्याय दृष्टिपथात आल्यासारखे वाटले. त्यांनी स्वतः वेगळ्या तीव्रतेचे द्रावण तयार केले. पुन्हा लग्न लागले. पुन्हा सोळा वाचने सारखी, आणि बरोबर.

"आणि हे सर असे कोपऱ्यात का उभे?" परीक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"ते वरबाप हायेत साहेब, रुसून राह्यले," पुंडलिकराव म्हणाले. "त्याइले कोनी मनवलंच नाई. रुसलेल्या व्याह्याबिगर लग्न झाल्यासारखं वाटते का?"

परीक्षकांनी अहवालात माझ्या सहभागाची विशेष प्रशंसा केली. पुंडलिकराव प्रयोगशाळेतच राहिले. आता प्रत्येक प्रात्यक्षिकापूर्वी मुले माझ्यापुढे सुपारी-नारळ ठेवून विनवण्या करतात; मी उठेपर्यंत कोणी ब्युरेट भरत नाही.

परवा चौथी तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ती वाचली नाही. खाली वाकून टेबलाच्या खणातून नारळ काढला.