पुसाताई आणि अडलेला घोडा

ऑफिसात तिला सगळे पुसाताई म्हणायचे, आणि हे नाव तिनेच ओढवून घेतलेलं होतं. नाटका-सिनेमाची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटच्या मदतकक्षात ती कानाला हेडफोन लावून बसायची. पलीकडून कोणी कितीही रडगाणं गाऊ दे, हिचं औषध ठरलेलं. "आधी सगळं पुसून टाका. ब्राउझरने जुनं जे काही साठवून ठेवलंय ते पुसा, आणि मग पुन्हा लॉग-इन करा." बहुतेकांचं दुखणं तेवढ्यानेच पळायचं. उरलेल्यांना ती कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगायची आणि तेवढ्यात दोन घोट चहा पिऊन घ्यायची.

ब्राउझर अपडेट झाला की मात्र कक्षात नुसती दाणादाण. काल खुर्च्यांचा नकाशा उघडत होता, आज तिथे पांढरा चौकोन! "मी काहीसुद्धा केलेलं नाही हो," असं प्रत्येक जण शपथेवर सांगायचा, आणि बिचारे खरंच बोलायचे. आता ब्राउझर आपला आपण बदलतो, कोणाला विचारत नाही की सांगत नाही, त्याला ते तरी काय करणार? पाहुण्याने आपल्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करून ठेवावेत, तसला प्रकार.

असाच एक अपडेट येऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला.

"अगं, माझा घोडा हलत नाहीये!"

पुसाताईने हातातला घास डब्यात ठेवला. बाबांचा घोडा म्हणजे बुद्धिबळातला. एका वेबसाइटवर बाबा आणि मामा बुद्धिबळ खेळायचे. मामा दुसऱ्या गावी राहायचा. आज एकाने खेळी करायची, उद्या-परवा सवडीने दुसऱ्याने. तीन दिवसांत खेळी केली नाही, तर डाव गेला. इतकी वर्षं खेळत होते, पण बाबांनी मामाला एकदाही हरवलेलं नव्हतं. एकदाही नाही! मामा फोनवर "मात" या शब्दावर असा काही जोर द्यायचा की बाबांना जेवण गोड लागायचं नाही. आणि आता, पहिल्यांदाच, बाबांचा घोडा अशा घरात जाऊन बसणार होता की मामाच्या राजाला एका कोपऱ्यावाचून पळायला जागा उरणार नव्हती. नेमका तेव्हाच घोडा अडून बसला. धरला तर धरला जात नव्हता, ओढला तर सरकत नव्हता. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"मामाला फोन करून सांगा ना," पुसाताई म्हणाली.

"सांगितलं. म्हणतो कसा, भाऊजी, हरलात तर हरलो म्हणा, ब्राउझरचं नाव कशाला पुढे करता! खी खी करून हसला वर. तू ये लवकर."

पुसाताईने साहेबांपुढे डोकेदुखीचं निमित्त केलं आणि घर गाठलं. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी पडद्यासमोर बसले होते, माउस असा आवळून धरला होता, जसा काही तो पळूनच जाणार होता. तिने खुर्ची ओढली आणि सवयीने हात थेट पुसण्याच्या बटणाकडे नेला.

"थांब!" बाबा एवढ्याने ओरडले की ती दचकलीच. "पुसलंस तर लॉग-इन जाईल. पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

पुसाताईने हात मागे घेतला. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. ही खाती आईने उघडून दिली होती, एक नवऱ्याला, एक धाकट्या भावाला. प्रत्यक्ष पट मांडला की दोघं हातघाईवर यायचे, म्हणून तिनेच हा उपाय शोधला होता. "आता लांबूनच भांडा," म्हणाली होती. दोन्ही खाती तिच्याच ई-मेलवर होती, आणि तो ई-मेल केव्हाच बंद पडला होता. नावंसुद्धा तिनेच ठेवलेली. नवऱ्याचं आळशी हत्ती, भावाचं उधळलेला उंट. आई जाऊन बरेच दिवस झाले, तरी पटाच्या वर आणि खाली ती दोन नावं तशीच उमटायची. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत जायची सोय नव्हती.

जन्मभर लोकांना पुसायला सांगणाऱ्या बाईवर न पुसता दुरुस्ती करायची वेळ आली. अस्सा घाम फुटला तिला! तिने पान पुन्हा उघडून पाहिलं, काही नाही. ब्राउझर बंद करून चालू केला, घोडा ढिम्म. बाबा शेजारी घड्याळ बघत उसासे टाकत होते, त्याने तर डोकं आणखीच उठलं.

"बाबा, तुम्ही जरा आत जाऊन बसा बघू!"

"मी नाही जाणार."

मग तिला आठवलं. तिने ब्राउझरची खासगी खिडकी उघडली, जिच्यात ना जुनं साठवलेलं असतं, ना वरून जोडलेल्या सोयी चालतात. त्या खिडकीत तीच वेबसाइट उघडून तिने सरावाचा पट मांडला, आणि घोडा टुणकन हलला!

म्हणजे वेबसाइट धड होती, ब्राउझरही धड होता. दोघांच्या मध्ये तिसरंच कोणीतरी तंगडी घालत होतं. पुसाताईने जोडलेल्या सोयींची यादी उघडली. तिथे एकच नाव होतं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. नवा ब्राउझर आणि जुनं एक्स्टेन्शन यांचं बिनसलं होतं, आणि ते जाहिरातींबरोबर घोडाही अडवत होतं. आणि ते बसवलं कोणी? तिनेच! बाबा कुठल्यातरी भलत्या जाहिरातीवर बोट ठेवतील म्हणून.

"मीच शहाणी," असं पुटपुटत तिने ते बंद केलं. बाबांनी घोडा उचलला, त्या घरात ठेवला आणि मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता पाळी मामाची. त्याच्याकडे एकच खेळी उरली होती, राजा कोपऱ्यात सरकवायची, आणि पुढच्या खेळीला बाबा मात देणार होते. पण मामाची खेळी येईना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा सकाळपासून पडद्यासमोर ठाण मांडून बसले होते. मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता, आणि मुदत संपली की डाव बाबांचा.

"घाबरला लेकाचा," बाबा हात चोळत म्हणाले. "तोंड लपवून बसलाय."

तेवढ्यात पुसाताईचा फोन वाजला. मामाच होता. तिने स्पीकर लावला.

"अगं, हसू नकोस हं," मामाचा आवाज पार उतरला होता. "माझा राजा हलत नाहीये. काल तो ब्राउझर काहीतरी नवा झाला, तेव्हापासून. भाऊजींची एवढी टिंगल केली, आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून गपचूप बसलो होतो. पण तू नेहमी सांगतेस ना, सगळं पुसा म्हणून? तेच करतोय. बोट बटणावरच आहे बघ..."

पुसाताईने तोंड उघडलं, पण तिच्याआधी बाबांनी झडप घालून फोन ओढला.

"पुसू नकोस! हात काढ तिथून! हात काढ म्हणतो ना, गाढवा!"

"भाऊजी? अहो, पण..."

"खातं तुझ्या ताईने उघडून दिलंय ते. पासवर्ड आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग गप्प बस आणि पोरगी सांगते तसं कर."

पलीकडे माउस बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग मामा एवढंच म्हणाला, "काढला हात."

मामाच्या कॉम्प्युटरवरही ते एक्स्टेन्शन पुसाताईनेच बसवून दिलं होतं. ते कुठून बंद करायचं हे तिने सावकाश सांगितलं. मुदत संपता संपता राजा कोपऱ्यात सरकला. बाबांनी जागेवरून न हलता घोडा उचलला आणि मात दिली. पडद्यावर अक्षरं आली, आळशी हत्ती विजयी.

बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"ताईला फार आनंद झाला असता हो, भाऊजी," मामा फोनवर म्हणाला. "माझी जिरवलीत म्हणून." आणि मग दोघंही हसत सुटले, आणि त्या हसण्यातच दोघांनी नवा डाव मांडलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलाच फोन एका आजोबांचा होता. खुर्च्यांचा नकाशा उघडत नव्हता. "सगळं पुसून टाकू का हो?" त्यांनी विचारलं.

"नको, नको," पुसाताई म्हणाली. "पुसायचं मागाहून बघू. आधी सांगा, आजोबा, खातं कोणी उघडून दिलंय तुम्हाला?"