चाकांचा हत्ती

लेक पुठ्ठ्याला गोंद लावत बसली की त्या वासानं मला खालापूरजवळचं आमचं गोदाम आठवतं. परदेशातून आलेले मुलांचे हस्तकलेचे संच कस्टमच्या मंजुरीसाठी तिथं अडकले होते. खेळणी ठरली तर आयातीवरची ड्युटी जास्त, कागदी सामान ठरलं तर कमी. ते कागदी सामानच आहे, हे सांगून सांगून मी थकलो होतो. शेवटी कस्टमचे साहेब आले, तेही थकलेलेच. त्यांनी एक डबा उघडला, निवांत बसून पुठ्ठ्याचा हत्ती चिकटवला, त्याला चाकं लावली आणि बोटानं ढकलला. हत्ती टेबलावर घरंगळला. साहेब हसले, पुन्हा ढकलला. खोके रचणारी बाई माझ्या कानाशी म्हणाली, "सायेबच खेळाया लागलं, आता याला कागद कोन म्हनंल?" आणि ड्युटी खेळण्यांचीच लागली. आज लेक तिची पुठ्ठ्याची गाडी पुढं करून "ढकल ना, बाबा" म्हणते, आणि माझा हात काही उचलत नाही.